बाबांचा फिस्टुला तयार होईल का?

सिस्टर, माझे बाबा ६२ वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते. चौदा वर्षांपासून शुगर आहे. दिवाळीनंतर किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन एकदम वाढलं आणि मानेत नळी टाकून डायलिसिस सुरू झालं. आता छातीवर परमकॅथ, म्हणजे जास्त दिवस ठेवायची डायलिसिसची नळी आहे, मंगळवार-शुक्रवार बसतात. डाव्या मनगटावर डायलिसिसच्या सुयांसाठी फिस्टुला करून उद्या सहा आठवडे होतील. मनगटाशी घुरघुर लागते, पण चार बोटं वर सरकलं की काही कळत नाही. अंगठ्याच्या मागच्या बाजूला मात्र एक शीर टरारून आली आहे. डॉपलर सोनोग्राफीत शीर ३.६ मिमी, प्रवाह मिनिटाला ३४० मिली, खोली ४ मिमी आली. डॉक्टर म्हणाले, 'अजून दोन महिने वाट बघू.' टेक्निशियन दादा म्हणतात, 'हा हात काही चालायचा नाही.' चुलतभावाने इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये वय आणि आजार भरले तर 'धोका जास्त' असं आलं. तो म्हणतो, रक्त पातळ करायची गोळी सुरू करा. आई रोज संध्याकाळी बाबांच्या मनगटावर हात ठेवून बसते आणि मला विचारते, 'होईल ना गं?' गेल्या वर्षी न्यूमोनियात याच हाताला आठ दिवस सलाईन होतं, त्याने तर बिघडलं नसेल? कोणाचं खरं मानायचं?
– एक लेक, बार्शी

ताई, आधी आईंच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण त्या रोज संध्याकाळी त्याचीच वाट बघत बसतात. आहे तसाच सोडला तर हा फिस्टुला आपणहून तयार होण्याची शक्यता कमी आहे. पण त्याच्यात अजून जीव आहे, मनगटाशी घुरघुर आहे, आणि या अवस्थेतले बरेच फिस्टुले छोट्याशा उपचाराने वापरात येतात. त्यासाठी आता दोन महिने नुसतं थांबायचं नाही.

मी एकवीस वर्षं डायलिसिस युनिटमध्ये सिस्टर आहे. मी डॉक्टर नाही आणि बाबांचा हात मी पाहिलेला नाही. तरी तुम्ही पत्रात इतकं नीट लिहिलं आहे की बरंच काही सांगता येतं.

फिस्टुला म्हणजे धमनी आणि शीर यांची शिवून केलेली गाठभेट. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या एका सरकारी रुग्णालयात ब्रेसिया, सिमिनो आणि सर्जन ॲपेल यांनी ही शस्त्रक्रिया बसवली आणि १९६६ मध्ये जगापुढे मांडली. आजही मनगटावर ती जवळजवळ तशीच करतात. धमनीतलं जोराचं रक्त शिरेत शिरलं की शीर हळूहळू रुंदावते आणि तिची भिंत जाड होते. मग आठवड्यातून दोन-तीन वेळा जाड सुया सोसायला ती तयार होते. आपल्याकडे मशीन मिनिटाला अडीचशे-तीनशे मिली रक्त ओढतं. शिरेत तेवढंच वाहत असेल तर मशीनने ओढताच ती चिकटते आणि अलार्म वाजायला लागतो. म्हणून वाहणारं रक्त मशीनच्या गरजेपेक्षा बरंच जास्त लागतं.

अमेरिकेतल्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये यासाठी एक सोपा हिशेब दिला होता, आम्ही त्याला सहाचा नियम म्हणतो. सहा आठवड्यांनी शीर किमान ६ मिमी रुंद हवी, प्रवाह मिनिटाला ६०० मिली हवा आणि शीर कातडीखाली ६ मिमीपेक्षा खोल नको. बाबांची खोली चांगली आहे. रुंदी आणि प्रवाह दोन्ही कमी आहेत. मात्र हा नियम दहावीच्या पस्तीस मार्कांसारखा धरू नका. आपल्याकडे पंप थोडा कमी वेगाने चालतो, त्यामुळे ५ मिमी आणि ५०० मिलीवर वर्षानुवर्षं छान चाललेले हात मी पाहिले आहेत.

तुमच्या आकड्यांच्या जवळ जाणारा अभ्यास अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा आहे, २००२ मधला, ६९ रुग्णांचा. ज्यांची शीर ४ मिमी किंवा जास्त आणि प्रवाह ५०० मिली किंवा जास्त, त्यांच्यातले ९५ टक्के फिस्टुले डायलिसिसला चालले. ज्यांच्यात दोन्ही कमी, त्यांच्यातले ३३ टक्के. बाबा या दुसऱ्या गटात येतात, म्हणजे साधारण तिघांत एक. लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

त्याच अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टी तुमच्या घरातल्या वादाशी थेट जोडलेल्या आहेत. एक म्हणजे दुसऱ्या महिन्यापासून चौथ्या महिन्यापर्यंत शिरेची रुंदी आणि प्रवाह यांच्यात फारसा फरक पडला नव्हता. जे व्हायचं ते बहुतेक सुरुवातीलाच होतं. पुढे अमेरिकेत सात केंद्रांवर सहाशे रुग्णांचा मोठा अभ्यास झाला, त्यात तर सहा आठवड्यांनी दिसणाऱ्या प्रवाहातला निम्मा किंवा त्याहून जास्त प्रवाह शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी दिसला. मग सहा आठवड्यांना ३४० वर असलेला हात कारण न शोधता आणखी दोन महिने ठेवून काय मिळणार, हा प्रश्न रास्त आहे. डॉक्टरांच्या मनात काही कारण असेलही, बाबांचं हृदय किंवा दुसरं काही. ते विचारून घ्या.

दुसरी गोष्ट टेक्निशियन दादांची. त्या अभ्यासात अनुभवी डायलिसिस नर्सनी नुसता हात तपासून हा चालेल किंवा नाही असं सांगितलं, आणि ते ८० टक्के वेळा बरोबर आलं. रोज सुया टोचणाऱ्याच्या बोटांना बरंच कळतं. तेव्हा दादांना जे लागलं ते उडवून लावू नका. फक्त 'चालायचा नाही' हे त्यांचं वाक्य अर्धं आहे. असा ठेवला तर चालायचा नाही, असं ते हवं.

कॅल्क्युलेटरचं काय करायचं? अशा गुणपत्रिकांमधली सगळ्यात प्रसिद्ध कॅनडातल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये मांडली. त्यात चार गोष्टी धरल्या आहेत: वय ६५ किंवा जास्त आहे का, हातापायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार आहे का, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आहे का, आणि रुग्ण गोऱ्या वंशाचा आहे का. तिकडच्या रुग्णांवरून, शस्त्रक्रियेच्या आधी अंदाज बांधण्यासाठी ती केली आहे. पेरणीच्या आधी पाऊसपाण्याचा अंदाज घ्यावा, पण उगवण झाल्यावर शेतकरी पंचांग उघडत नाही, शेतात उतरून रोप बघतो. बाबांच्या हाताचा सहा आठवड्यांचा पुरावा तुमच्यासमोर आहे. तो कुठल्याही कॅल्क्युलेटरपेक्षा मोठा.

आणि गोळी मनाने अजिबात सुरू करू नका. रक्त पातळ करणाऱ्या क्लोपिडोग्रेलवर ८७७ रुग्णांचा मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला गुठळी होऊन बंद पडणारे फिस्टुले कमी झाले, १९.५ टक्क्यांवरून १२.२ वर आले. पण वापरण्याजोगा होण्यात काही फरक पडला नाही. गोळी घेणारे आणि न घेणारे, दोन्हीकडे साठ टक्क्यांच्या आसपास फिस्टुले वेळेत तयार झालेच नाहीत. बाबांना हृदयासाठी अशी गोळी आधीच चालू असेल तर तीही बंद करू नका.

आता मला पत्रातली सगळ्यात मोलाची वाटलेली ओळ: चार बोटं वर सरकलं की काही कळत नाही, आणि अंगठ्याच्या मागची शीर टरारली आहे.

हात असा तपासतात. तीन बोटांची पेरं मनगटाच्या व्रणावर हलकेच ठेवायची, दाबायचं नाही. मांडीवरचं मांजर घुरघुरतं तशी सलग थरथर लागली की ते थ्रिल. तिथून कोपराच्या दिशेने बोटं सरकवत जायचं. चांगल्या फिस्टुल्यात थरथर हळूहळू मंद होत दूरवर जाते आणि शीर बोटाखाली मऊ, दाबली तर दबणारी लागते. थरथर जाऊन नुसते ठोके आपटायला लागले तर पुढे कुठेतरी वाट अरुंद आहे. हात डोक्याच्या वर उचलला की चांगली शीर बसते, पुढे अडथळा असेल तर तशीच फुगलेली राहते. अजून एक चाचणी आहे, वरची शीर क्षणभर बोटाने बंद करून खालचा ठोका जोरदार होतो का ते बघायचं. नाही झाला तर रक्त आत येण्यातच अडचण आहे. वर दाबूनही खाली थरथर चालूच राहिली तर रक्त दुसऱ्या वाटेने निसटतं आहे. ही दाबायची चाचणी घरी करू नका, दादांकडून किंवा सर्जनकडून करून घ्या. बाकीचं तुम्ही करू शकता.

बाबांच्या बाबतीत मला दोन शंका येतात. पहिली, धमनीला शिवलेल्या जोडाच्या पुढच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये शीर अरुंद झाली असावी, तयार न होण्याचं हे सगळ्यात जास्त आढळणारं कारण आहे. दुसरी शंका त्या अंगठ्याकडच्या शिरेची. पाटाला मध्येच भगदाड पडलं की शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोचत नाही, मोटर कितीही चालू ठेवा. मनगटापासून रक्त निघतं आणि बाजूच्या फांदीतून पळतं, म्हणून वरची मुख्य शीर भरत नाही. कधी दोन्ही गोष्टी एकत्र असतात. अरुंद जागा फुग्याने रुंद करता येते, ज्याला आपल्याकडे सरळ 'बलून करणं' म्हणतात. रक्त पळवणारी अशी बाजूची 'चोर शीर' असेल तर ती बांधता येते, ते काम बऱ्याचदा पूर्ण भूल न देता तेवढीच जागा बधिर करून होतं. अमेरिकेत २००३ मध्ये तयार न झालेल्या शंभर फिस्टुल्यांवर असे उपचार केल्याचा अनुभव प्रसिद्ध झाला. ९२ टक्क्यांमध्ये त्यानंतर डायलिसिस सुरू करता आलं. वर्षभराने त्यातले ६८ टक्के चालू होते, म्हणजे बलून केलेल्या हाताकडे पुढेही लक्ष ठेवावं लागतं, पुन्हा बलून लागू शकतो. ते सराईत हातांचं काम होतं, सगळीकडे असाच निकाल येईल असं मी म्हणणार नाही. पण तिघांत एक या आकड्यावर डोळे मिटून बसण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला आहे.

मी इतक्या तळमळीने का लिहिते आहे, तेही सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी जिथे होते तिथे एक टेलरकाका यायचे. फिस्टुला डाव्या मनगटावर, असाच, वर न भरणारा. आम्ही सगळे त्यांना सांगायचो, 'होईल काका, बॉल दाबत राहा.' मशीनवर चार तास ते पिवळा स्पंजचा बॉल दाबत बसायचे, इतका की त्याला त्यांच्या चार बोटांचे खड्डे पडले होते. चार महिने गेले. कोणीही डॉपलर लिहून घेतला नाही, मलाही सुचलं नाही. एका शुक्रवारी पाणी जास्त काढावं लागलं, बीपी नव्वदवर आलं. शनिवारी सकाळी हातातली घुरघुर गेल्याचं त्यांना कळलं होतं, पण आपला वार मंगळवारी म्हणून ते मंगळवारी आले. मी हात धरला तर शीर वातीसारखी कडक झाली होती. त्यांनी काही विचारायच्या आधी माझा चेहरा बघितला आणि बॉल पिशवीत ठेवला. तेव्हापासून माझ्या युनिटमध्ये चौथ्या ते सहाव्या आठवड्यात प्रत्येक नव्या हाताचा डॉपलर झाला की नाही हे मी स्वतः वहीत बघते.

बॉल दाबायचाच आहे, त्याने स्नायूंचा आणि शिरेचा थोडा फायदा होतो. पण अरुंद झालेली जागा बॉलने उघडत नाही.

तेव्हा ताई, शुक्रवारची वाट न बघता ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या सर्जनची वेळ घ्या. डॉपलरचा कागद न्या. रिपोर्टमध्ये फक्त रुंदी आणि प्रवाह असेल तर विचारा की जोडाच्या पुढे शीर कुठे अरुंद आहे का आणि बाजूच्या फांद्या किती मोठ्या आहेत. लिहिलं नसेल तर तेवढ्यासाठी पुन्हा सोनोग्राफी करून घ्या. मग सरळ विचारा: 'डॉक्टर, थांबलो तर पुढच्या दोन महिन्यांत नेमकं काय बदलेल? बलून किंवा बाजूची शीर बांधून उपयोग होईल का? आणि हे मनगट नाहीच झालं तर पुढचा हात कुठला?' हे विचारण्यात उद्धटपणा नाही. तुम्ही फुले जनआरोग्य योजनेत असाल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून यातलं काय योजनेत बसतं ते आधीच विचारा, कागद पूर्ण करायला वेळ जातो.

घाई मी फिस्टुल्यासाठी जितकी करते आहे तितकीच परमकॅथसाठी. छातीवरची नळी जितके दिवस राहील तितकी रक्तात जंतू जाण्याची भीती. ती जागा कोरडी ठेवा, अंघोळीत भिजू देऊ नका. मशीनवर असताना थंडी वाजून ताप आला तर 'होईल कमी' म्हणून घरी आणू नका, तिथल्या तिथे सांगा.

डाव्या हाताला बीपीचा पट्टा नको, रक्त काढणं नको, सलाईन नको, घट्ट घड्याळ नको. त्या कुशीवर हात अंगाखाली घेऊन झोपणं नको, बाजाराची पिशवी त्या हाताने उचलणं नको. दोन डायलिसिसमध्ये पाणी जपून प्यायला लावा. जास्त पाणी साठलं की मशीनवर ते ओढून काढावं लागतं, बीपी पडतं आणि लहान प्रवाहाचा फिस्टुला त्याच रात्री बंद पडू शकतो. टेलरकाकांचं तेच झालं. घुरघुर थांबली तर त्याच दिवशी, रविवार असो की सण, रुग्णालय गाठा. बोटं गार पडून निळसर झाली किंवा दुखायला लागली तरी थांबू नका.

सलाईनचं मनाला लावून घेऊ नका. आठ दिवस सुई राहिलेली शीर खराब होऊ शकते हे खरं, पण न्यूमोनियात बाबांचा जीव वाचवायचा होता आणि तेव्हा पुढचं कोणी तुम्हाला सांगितलं नव्हतं. शिवाय चौदा वर्षांच्या शुगरने धमन्याही कडक होतात. हे वाचणाऱ्या ज्या घरात कोणाचं क्रिएटिनिन वाढत चाललं आहे, त्यांना मात्र माझं हात जोडून सांगणं आहे: ज्या हाताने लिहीत-जेवत नाही तो हात आजपासून राखून ठेवा. रक्त काढायचं असेल तर दुसऱ्या हाताच्या पंजाच्या मागून काढायला सांगा.

आणि मनगट नाहीच जमलं तर? कोपराशी फिस्टुला होतो, तिथे शिरा मोठ्या असतात. खोलवरची शीर वर आणून बसवता येते, कृत्रिम नळीही घालता येते, उजवा हात शिल्लक आहे. पोटाचं डायलिसिस आहे, घरात जुळणारा दाता असेल तर प्रत्यारोपणाचा विचार आहे. २०१९ च्या नव्या अमेरिकन सूचनांनी तर 'प्रत्येकाला फिस्टुलाच' हा आग्रह सोडून त्या माणसाच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा आधी करा असं सांगितलं आहे. बाबांच्या पुढच्या दहा वर्षांचं बोलणं डॉक्टरांशी एकदा बसून करा, रांगेत उभ्याउभ्या नको.

फिस्टुला तयार झाल्यावर एक आग्रह धरा: पहिल्या काही वेळा सगळ्यात अनुभवी माणसानेच टोचायचं, १७ नंबरच्या बारीक सुईने, पंप हळू ठेवून. सुरुवातीला एकच सुई हातात आणि परत जाणारं रक्त परमकॅथमधून, असंही करतात. कोवळ्या शिरेत सुई आरपार गेली की हात कोपरापर्यंत काळानिळा फुगतो आणि महिनाभर मागे जायला होतं. परमकॅथ काढायची घाई त्याआधी नको. दोन सुयांवर काही डायलिसिस नीट झाल्यावरच.

आईंसाठी एक काम देते. संध्याकाळी त्या हात ठेवून बसतातच, तर बॉलपेन जवळ ठेवायला सांगा. घुरघुर मनगटापासून वर जिथपर्यंत लागते तिथे बाबांच्या कातडीवर छोटी खूण करायची आणि व्रणापासून ती किती बोटांवर आहे ते कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचं. आज चार बोटं आहे. सर्जनकडे जाताना कॅलेंडरचं ते पान डॉपलरच्या कागदाला जोडून न्या, आणि बलून झाला तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किती बोटं भरली ते मला कळवा.